कागद कापून संपणारे सुरे

डावीकडे गंजलेलं बेअरिंग, उजवीकडे आरशासारखा चकचकीत सुरा, मध्ये लाल बाण. हा थंबनेल तुम्ही पाहिला नसेल, तर तुमचा अल्गोरिदम माझ्या अल्गोरिदमपेक्षा सुखी आहे. माझ्या फोनवर गेली तीन-चार वर्षं रात्री अकरानंतर हेच चालू असतं. ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून सुरा, जुन्या कानशीतून सुरा, मोटरसायकलच्या चेनमधून सुरा. दिवसभर मी जे बनवतो त्याला हात लावता येत नाही. त्यामुळे रात्री कुणीतरी लोखंडावर हातोडा मारताना पाहिलं की बरं वाटतं. ऑफिसमधल्या निम्म्या पोरांचं हेच आहे.

या व्हिडिओंना कुणी कलाप्रकार म्हणत नाही, पण मला ते तसे वाटतात, आणि म्हणूनच त्यांच्याबद्दल टीकाकाराच्या नजरेनं लिहावंसं वाटतं. तमाशात गण, गवळण, बतावणी, वग हा क्रम जसा ठरलेला, तसा इथेही आहे. आधी भंगारातून वस्तू उचलायची आणि ती सिमेंटवर आपटून किती निकामी आहे ते दाखवायचं. मग ग्राइंडर, ठिणग्या, भट्टी, हातोडा. मग लालबुंद पातं तेलात बुडवायचं आणि भडकलेली ज्वाळा स्लो मोशनमध्ये पाहायची. मग लाकडाची मूठ, तिच्यावर तेलाचा हात फिरवला की उमलणारा रंग. शेवटी हवेत धरलेला कागद सर्रकन दोन तुकडे. संपलं. बोलणं नाही, चेहरा नाही, फक्त दोन हात आणि आवाज.

यातलं जे चांगलं आहे ते खरंच चांगलं आहे. पोलाद मऊ होतं, ताणता येतं, मातीसारखं वळवता येतं, ही गोष्ट पुस्तकात वाचणं वेगळं आणि पाहणं वेगळं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी आयर्न-कार्बन डायग्राम मी पाठ केला होता. त्यातल्या रेषा म्हणजे रंग असतात हे मला या व्हिडिओंनी सांगितलं, कॉलेजनं नाही. त्याचं ऋण आहेच.

पण कॅमेरा काय पाहतो आणि काय पाहत नाही, तिथे गडबड सुरू होते. ठिणग्यांचंच घ्या. ग्राइंडरला लावल्यावर पोलाद आपली कुंडली सांगतं. कार्बन कमी असेल तर ठिणग्या लांब, सरळ, कमी फुटणाऱ्या. कार्बन जास्त असेल तर आखूड, झुडपासारख्या फांद्या फुटलेल्या. भंगारातून उचललेल्या तुकड्याच्या पोटात काय आहे हे घरच्या घरी ओळखायचा हा जुना आणि जवळजवळ फुकटचा मार्ग. व्हिडिओत ठिणग्या भरपूर असतात, मिनिटभर असतात, पण फटाक्यांसारख्या. त्या वाचाव्यात असं कुणी सुचवत नाही.

आणि भंगारात वाचण्यासारखं पुष्कळ असतं. कमानीचा पाटा म्हणजे साधारण अर्धा-पाऊण टक्का कार्बनचं स्प्रिंगचं पोलाद, सुऱ्याला चांगलं. बेअरिंगची कडी म्हणजे आपल्याकडे ज्याला एन ३१ म्हणतात ते, सुमारे एक टक्का कार्बन, दीड टक्का क्रोमियम. उत्तम, पण लहरी. कानशीत कार्बन याहूनही जास्त, मात्र काही स्वस्त कानशी फक्त वरच्या थरापुरत्या कडक असतात आणि आत साधं लोखंड. अमेरिकन व्हिडिओंचा लाडका आहे रेल्वेचा खिळा, पिळदार मूठ काढून बनवलेला. दिसतो झकास, पण त्यात कार्बन जेमतेम ०.३ टक्क्यांच्या आसपास. तो नीट कडक होऊच शकत नाही. तो सुरा नाही, सुऱ्याच्या आकाराचं पेपरवेट आहे. (ते पाहून आपल्याकडच्या रुळांवरच्या क्लिपांकडे कुणी बघू नये. त्या चांगल्या स्प्रिंग पोलादाच्या असतात हे खरं, पण रेल्वेच्या मालासाठी १९६६ चा वेगळा कायदा आहे आणि तुमच्या सबस्क्रायबरांची संख्या तिथे कामाला येत नाही.)

जुन्या पाट्याची आणखी एक गोष्ट. हजारो खड्डे सोसून तो पाटा भंगारात आलेला असतो. त्याच्या अंगात बारीक तडे असू शकतात, डोळ्यांना न दिसणारे. ते दिसतात पातं तेलात गेल्यावर, टिणकन आवाज होऊन. सगळ्या मेहनतीचं त्या क्षणी वाटोळं होतं. व्हिडिओत हे कधीच होत नाही. शंभर व्हिडिओंत शंभर पाती सरळ आणि शाबूत बाहेर येतात, हे मला त्यांच्या खरेपणावरचं सगळ्यात मोठं प्रश्नचिन्ह वाटतं.

आता मुख्य गोष्ट. सुरा हातोड्यानं बनत नाही. हातोड्यानं फक्त आकार येतो, आणि तो नुसत्या ग्राइंडरनंही येतो. पट्टीला सुरा बनवते ती उष्णतेची करामत, आणि ती जवळजवळ पूर्णपणे न दिसणारी आहे. पातं तापवत नेलं की सुमारे ७७० अंशांना लोहचुंबक त्याला चिकटायचं थांबतं. त्याच्याही थोडं वर न्यायचं, सगळीकडे सारखं. बेअरिंगचं पोलाद असेल तर तिथे काही मिनिटं धरून ठेवायचं, कारण त्यातल्या कार्बनला विरघळायला वेळ लागतो. मग तेल. बाहेर येतं ते काचेसारखं कडक आणि काचेसारखंच ठिसूळ. फरशीवर पडलं तर तुटेल. म्हणून मग सुमारे २०० अंशांवर दोन तास, थंड करून पुन्हा दोन तास. घरातल्या साध्या ओव्हनमध्ये होतं हे. या चार तासांत पात्याला शहाणपण येतं. बाहेरून बघाल तर फिक्कट पिवळा रंग चढतो, बाकी काही नाही.

तेलातली ज्वाळा आठ सेकंदांची असते, ती व्हिडिओत वीस सेकंद चालते. ओव्हनमधले चार तास एका जंपकटमध्ये जातात, किंवा जातच नाहीत. मी याला वेळ वाचवणं म्हणणार नाही. ज्या कृतीनं ती वस्तू ती वस्तू झाली, ती कृती कंटाळवाणी आहे म्हणून काढून टाकली आणि जी दिसायला भारी ती ताणली, तर व्हिडिओ सुऱ्याबद्दल उरला नाही. तो आगीबद्दलचा झाला.

मराठीत या कृतीला पाणी पाजणं म्हणतात, मग प्रत्यक्षात तेल वापरलं तरी. ‘पाणीदार’ हा शब्द आपण आता डोळ्यांसाठी आणि बैलांसाठी राखून ठेवलाय, पण पात्याच्या संदर्भात तो अगदी तांत्रिक शब्द आहे.

टीव्हीवरचा ‘फोर्ज्ड इन फायर’ हा या सगळ्याचा मोठा भाऊ. २०१५ मध्ये हिस्टरी वाहिनीवर सुरू झाला. चार लोहार, पहिल्या फेरीला तीन तास, जिंकणाऱ्याला १०,००० डॉलर. काही भागांत भंगारातूनच पोलाद शोधावं लागतं. मोबाइलवरच्या मुक्या व्हिडिओंपेक्षा हा कार्यक्रम एका बाबतीत कितीतरी प्रामाणिक: इथे पाती तडकतात. वाकडी होतात. माणसं डोक्याला हात लावून उभी राहतात, आणि परीक्षक बोट ठेवून सांगतो की इथे चुकलं. पण नंतर चाचण्या येतात, आणि त्यात सुरा कायम कुणावर तरी चालवायचा असतो. जेलचे पुतळे, डुकरांचे सांगाडे, बर्फाच्या लाद्या. त्या कार्यक्रमातल्या सुऱ्याचा वापरणारा नेहमी एक काल्पनिक योद्धा. कांदा चिरणारं माणूस त्या स्टुडिओत फिरकत नाही.

चाचणी कशी असावी याचा माझ्या मते सगळ्यात सुंदर नमुना अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीकडे आहे. १९७६ साली स्थापन झालेली ही संस्था. तिच्या परीक्षेत उमेदवार स्वतः बनवलेलं एकच पातं घेऊन येतो. त्यानं लोंबकळणारा एक इंच जाडीचा दोर एका घावात तोडायचा. मग लाकडाचे दोन जाड दांडके तोडायचे. मग, धार न लावता, त्याच पात्यानं हातावरचे केस भादरून दाखवायचे. आणि शेवटी पातं शिकंजात धरून ९० अंशांत वाकवायचं. तुटता कामा नये. कडकपणा आणि चिवटपणा एकमेकांच्या विरोधात असतात, एक वाढवला की दुसरा घटतो, आणि ही परीक्षा दोन्ही एकाच पात्यात मागते. ती पास झालेला सुरा विकता येत नाही, दाखवायलाही ठेवता येत नाही, कारण तो वाकडा झालेला असतो. कागद कापणं याच्यासमोर फारच गरीब वाटतं. कोऱ्या ब्लेडनंही कागद कापतो. मुळात नुसत्या घासलेल्या मऊ पत्र्यालाही कागद कापण्याइतकी धार येते, एकदा.

घरगुती सुरेकारांमध्ये वेन गोडार्ड यांचं ‘द फिफ्टी डॉलर नाइफ शॉप’ हे पुस्तक बरंच वाचलं जातं. माझ्याकडे त्याची वापरून मळलेली प्रत आहे. गोडार्ड स्वतः त्या सोसायटीचे मास्टर स्मिथ, पण पुस्तकाचा सूर मात्र शेजारच्या गॅरेजमधल्या काकांचा. एका मऊ भट्टीच्या विटेला भोक पाडायचं, त्यात साध्या टॉर्चची ज्वाळा सोडायची, झाली भट्टी. ऐरण म्हणून रुळाचा तुकडा. आणि पितळी सळईची चाचणी: धार सळईवर ठेवून किंचित दाबायची, धार वाकते का पाहायचं. वाकून परत आली तर बरोबर. वाकलेलीच राहिली तर मऊ. तुकडा उडाला तर जास्त कडक. दहा सेकंदांची चाचणी, पण तिच्यात सगळं येतं. गच्चीवर मी त्यांच्या पद्धतीची विटेची भट्टी बांधून दोन सुरे बनवले, दोन्ही कानशीतून. त्या पुस्तकात गद्य म्हणून काही खास नाही, फोटो काळपट आहेत, अधूनमधून माणूस भरकटतो. तरी ते मला कुठल्याही व्हिडिओपेक्षा चांगलं लेखन वाटतं, कारण प्रत्येक पानावर एकच प्रश्न येतो: हे कळणार कसं? डोळ्यांना सुंदर दिसलेल्या पात्यावर ते विश्वास ठेवत नाहीत.

व्हिडिओंमध्येही एक चाचणी असते, कानशीची. तेलातून काढलेल्या पात्यावर कानस फिरवायची. ती काचेवरून घसरल्यासारखी सुळकन घसरली की पातं कडक झालं. त्या टप्प्यावर ही चाचणी बरोबरच आहे. पण या व्हिडिओंनी तिचं एक तत्त्वज्ञान करून ठेवलंय. खाली कॉमेंट्समध्ये सगळे कडकपणाच्या आकड्यांवर भांडत असतात, कुणाचा ६०, कुणाचा ६२, जणू जास्त मार्क म्हणजे जास्त चांगला सुरा.

माझे आई-वडील नऊ हंगाम मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, उचल त्याच्यावर मिळते, हिशोब त्याच्यावर होतो. अवजाराचं नाव माणसांना, आणि तेही दोघांत एक. आमच्या कोपीबाहेर पहाटे वडील जे पहिलं काम करायचे ते म्हणजे कोयत्यावर कानस. पाच-दहा मिनिटं, खर्र खर्र, मग अंगठ्यानं धार बघणं. ऊस जमिनीलगत बुडख्याशी तोडावा लागतो, तिथे माती असते, खडे असतात. दुपारी परत एकदा कानस.

आता हा कोयता व्हिडिओवाल्यांच्या परीक्षेत सपशेल नापास होईल. त्याच्यावरून कानस घसरत नाही, ती चावते. आणि तो चांगला आहे तो याच कारणानं. त्याच्यावरून कानस घसरली असती तर फडात त्याला धार लावायची कशानं? खड्यावर बसला की मऊ कोयत्याची धार दुमडते, ती कानशीनं सरळ होते. कडक कोयत्याला खांड पडतं, आणि ते खांड घालवायला ग्राइंडर लागतो. फडात वीज नसते. म्हणजे इथे ‘किती कडक’ या प्रश्नाचं उत्तर पोलादात नाहीच, ते उसाच्या बुडख्यात, खड्यात, कानशीच्या किमतीत आणि दुपारच्या वेळेत आहे. वडिलांना आकडे माहीत नव्हते, पण जास्त पाणी पाजलेला कोयता त्यांनी बाजारात नुसता टिचकी मारून परत ठेवलेला मी पाहिलाय.

व्हिडिओंना वस्तूचा भूतकाळ फार आवडतो. हे बेअरिंग कुठल्या यंत्रातलं, हा पाटा कुठल्या ट्रकचा. गंज नसेल तर मुद्दाम चढवतात, असाही या धंद्यातला उघड बोभाटा आहे. पण सुरा पुढे कुठे जाणार, कुणाच्या हातात, काय कापणार, याबद्दल अवाक्षर नाही. गंमत म्हणजे आपला कायदा नेमकं तेच विचारतो. शस्त्र नियमांच्या यादीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरे येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेले मात्र त्यातून वगळलेत. लांबी-रुंदी मोजून झाल्यावर कायदासुद्धा म्हणतो, ते जाऊ दे, हे कशासाठी बनवलंय? पुण्याच्या बातम्यांत ‘कोयता गँग’ हा शब्द रोजचा झाला तेव्हा माझ्या आईला पडलेला प्रश्नही हाच होता, फक्त तिच्या भाषेत: आपल्या कोयत्यानं यांचं काय घोडं मारलं होतं? व्हिडिओतला सुरा पाहताना मला हा प्रश्न विचारता येत नाही, कारण तो कशासाठीच बनवलेला नाही. तो शेवटच्या शॉटसाठी बनवलाय.

गेल्या दिवाळीत गावाकडच्या आठवडी बाजारात एका घिसाडी कुटुंबापाशी मी बराच वेळ बसलो. आमच्या भागात कुऱ्हाड, विळा, खुरपं, कुळवाची पास हे सगळं तेच करतात किंवा शेवटून देतात. शेवटणं हा शब्द शहरात कुणाला माहीत नसतो: झिजलेल्या अवजाराचं टोक किंवा धार तापवून, ठोकून पुन्हा नवी करणं. यांचं सगळं पोलाद भंगारातलंच, ट्रकचे पाटे, किलोवर घेतलेले. ‘साल्व्हेज्ड स्टील’ असं ते त्याला म्हणत नाहीत. स्वस्त आहे आणि चांगलं आहे, म्हणून वापरतात. जमिनीत गाडलेली ऐरण, हातानं फिरवायचा पंखा, कोळसा. बाप्या सांडशीनं पाटा धरून छोट्या हातोडीनं जागा दाखवत होता आणि बाई उभं राहून त्या जागेवर घण घालत होती. विळ्याचं पातं झालं की त्यानं फक्त धारेकडची बाजू पाण्यात बुडवली, काढली, दगडावर घासून थोडी उजळ केली, आणि बघत बसला. पाठीच्या जाड भागात राहिलेली ऊब हळूहळू धारेकडे सरकते, धार पिवळी होते, मग तपकिरी, मग जांभळट. पाहिजे तो रंग आला की सगळं पाण्यात. ओव्हनचं काम पात्याच्या स्वतःच्या उष्णतेनं झालं, मिनिटभरात. इतकी नेटकी हीट ट्रीटमेंट मी कुठल्याच चॅनेलवर पाहिलेली नाही. विळा दीडशेला गेला, तोही घासाघीस होऊन.

हेच काम गच्चीवर केलं की मी ‘मेकर’ होतो, हे मला कळतं. घिसाडी सरकारच्या यादीत भटक्या जमातीत येतात. गावच्या लोहारासारखं बलुतं त्यांना नव्हतं, रस्त्यानं जाता जाता जे काम मिळेल ते. त्यांच्या हाताला लागलेला कोळसा जातीचा असतो आणि माझ्या हाताला लागलेला छंदाचा. ‘हँडमेड’ हा शब्द दीडशेच्या विळ्याला कुणी लावत नाही, तो पाच हजारांच्या सुऱ्याला लागतो. याला व्हिडिओ जबाबदार नाहीत, ही गोष्ट त्यांच्याहून कितीतरी जुनी आहे. पण एकटा हात, काळं ॲप्रन आणि शांत गॅरेज ही जी प्रतिमा त्यांनी ‘लोहारकाम’ या शब्दाला चिकटवली, तिच्यात ही घण घालणारी बाई बसतच नाही.

मी तिला एक व्हिडिओ दाखवला. चार कोटी व्ह्यूज असलेला, बेअरिंगवाला. पदराला हात पुसून तिनं फोन धरला, नवराही वाकून बघायला लागला.

“हा येकटाच ठोकतोय का, दादा? घण कोण मारतंय?”

“कुणी नाही मावशी, मशीन असतं त्यांच्याकडे.”

“मंग बरंय.”

पुढे ज्वाळेचा शॉट आला. त्या माणसानं पातं तेलात घालून आडवं हलवलं, ढवळल्यासारखं. तेव्हा नवरा पहिल्यांदा बोलला. “असं आडवं न्हाय हलवायचं. वाकडं व्हतंय.” आणि खरोखर त्याच क्षणी व्हिडिओत कट होता. पुढच्या शॉटमध्ये पातं सरळ, पॉलिश झालेलं, नव्या उजेडात. मी हा व्हिडिओ किमान सहा वेळा पाहिला होता.

मग मूठ, मग कागद. ती शेवटपर्यंत बघत होती. कागदाचे तुकडे खाली पडले, पडदा काळा झाला, आणि तरी ती फोन धरून थांबलेली. पुढे काहीतरी असेल असं वाटून.

“झालं?”

“झालं.”

“आन् कापलं काय?”

तेवढ्यात कुणीतरी कुऱ्हाड घेऊन आलं, दांडा ढिला झालेली, आणि तिनं फोन माझ्याकडे देऊन कोळसे वर ओढले.